ऑनलाइन ‘कोल्हापुरी’त नकली किती? आकडा काढायचा की नाही?

पायताणवाला (चप्पल लाइन)

मध्यंतरी आमच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरला, ‘ऑनलाइन खपणारी निम्म्याहून जास्त कोल्हापुरी डुप्लिकेट.’ आकडा कुठला, विचारलं तर कुणालाच सांगता येईना. म्हणून गेल्या दोन महिन्यांत मी पदरचे पैसे घालून तीन वेबसाइटवरून बारा जोड मागवले. ‘ओरिजिनल कोल्हापुरी’ असं टाकलं की पहिल्या पानावर जे येतात त्यांतलेच. किंमत २९९ पासून १,४५० रुपयांपर्यंत.

बारात सात नकली निघाले. त्यांतला एक जोड रापीनं (कातडं कापायच्या हत्यारानं) उकलला. वर पातळ रेक्झिन, मध्ये दाबलेला पुठ्ठा, खाली रबर, सगळं सोल्युशननं चिकटवलेलं. कडेला शिलाई दिसत होती, ती नुसती छापलेली. नखानं खरवडली तर निघून आली. आमच्याकडं तळ कातडी वादीनं शिवतात, खिळा लागत नाही. त्या नकली चपलेचा अंगठा जरा ओढला तर अख्खा हातात आला.

माझं म्हणणं असं, की नकली किती टक्के ते आपण कोल्हापूरकरांनी एकदा मोजून जाहीर करावं. हातात आकडा नसला की आपल्याला कोण विचारत नाही. मी तक्रार केली तर ‘लिस्टिंग काढली’ एवढंच उत्तर आलं. चार दिवसांत तोच फोटो दुसऱ्या विक्रेत्याच्या नावानं परत वर.

आकडेमोड (राजारामपुरी)

दादा, राग रास्त आहे, पण टक्का जाहीर करायला माझा विरोध आहे. बारा जोड चिठ्ठ्या टाकून निवडले असते तरी बारात सात यावरून खरं प्रमाण २८ टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत कुठंही असू शकतं. पाच टक्के इकडंतिकडं एवढ्या अचूकतेला ३८५ जोड लागतात. जोड पाचशेला धरला तरी दोन लाखांच्या घरात खर्च. आणि तुमचे जोड चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत, पहिल्या पानावरचे आहेत. तिथं कोण येतं हे जाहिरातीच्या पैशावरही ठरतं.

मोजायचं काय, हाही प्रश्न आहेच. शंभर लिस्टिंग नकली असतील, पण त्यांतल्या नव्वदांचा एकही जोड खपत नसेल. खपाचा आकडा फक्त वेबसाइटच्या पोटात. रिव्ह्यूंवरून अंदाज बांधावा तर ते विकत मिळतात.

मोठ्या संस्थांचंही बघा. ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेचा ताजा अंदाज सांगतो, की २०२१ साली जगभरात सुमारे ४६७ अब्ज डॉलरचा नकली माल आयात झाला, एकूण आयातीच्या २.३ टक्के. हा अंदाज कस्टमनं पकडलेल्या मालावरून बांधलेला. ज्या देशात बनला तिथंच खपला, तो माल त्यात धरलेलाच नाही. म्हणजे तुमची रेक्झिनची कोल्हापुरी त्या आकड्यात कुठंच नाही.

तुमच्यासारखीच खरेदी अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं केली होती, अहवाल २०१८ चा. वेगवेगळ्या वेबसाइटवरून ४७ वस्तू मागवल्या, २० नकली. पण आत शिरून बघा: एका ब्रँडचा मेकअप १३ पैकी १३ नकली आणि नाइकीचे बूट १५ पैकी १५ अस्सल! याचे ‘४३ टक्के’ करून कुणाला काय कळणार? हा निष्कर्ष सगळ्या बाजाराला लावता येत नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

शिरोळकर

मी बूट फर्स्ट कॉपीच, म्हणजे ब्रँडची हुबेहूब नक्कलच घेतो, सरळ सांगतो. आठ हजारांचा जोड मी जन्मात घेणार नव्हतो, मग कंपनीचं नुकसान कसलं झालं? प्रत्येक नकली जोडामागं एक अस्सल गिऱ्हाईक गेलं असा हिशेब धरू नका.

पायताणवाला

शिरोळकर, तुम्हाला माहीत होतं, तुम्ही जाणून घेतलात. माझ्याकडं गेल्या महिन्यात पुण्याची एक मुलगी आली. बाबांच्या साठीला नऊशे रुपये देऊन ‘हाताने बनवलेली अस्सल’ चप्पल मागवली होती. पहिल्या पावसात पुठ्ठा फुगला. ती म्हणाली, ‘कोल्हापुरी अशीच असते का?’ त्या घरात आता कोल्हापुरी परत जाणार नाही. हे नुकसान कुठल्या रकान्यात मांडायचं?

सुभाषनगरची

आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम. आई वेणी घालते, मी पट्टे कापते. माझा प्रश्न तुम्हा दोघांच्याही आधीचा आहे. नकली म्हणायचं कशाला?

जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा कायदेशीर हक्क, २०१९ ला मिळालं ते आठ जिल्ह्यांना. आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीचा जोड तितकाच अस्सल. पण इथलेच काही दुकानदार तो ‘बाहेरचा’ म्हणून नाकारतात. उलट, कायद्यानं ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, आणि आमच्या गल्लीत नोंद नसलेले कितीतरी हात आहेत. त्यांचा जोड हातानं शिवलेला, कातडं झाडाच्या सालीत, हिरड्यात कमावलेलं. तो नकली धरणार?

तुमच्या बारांत अथणीचा होता का, आणि तो कुठल्या बाजूला टाकलात?

पायताणवाला

दोन होते, ताई. एक मी नकलीत धरला होता, शिलाई आपल्या पद्धतीची वाटली नाही म्हणून. चूक झाली. मग बारात सहाच.

आकडेमोड

बघा, एका माणसाच्या नजरेवर आकडा असा हलतो. माझा विरोध याच्यासाठीच आहे.

पेठेतला

आकडे, व्याख्या, सगळं बाजूला ठेवा की भावा! २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं वेबसाइटला विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवावाच लागतो. पत्ता घ्या, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, नोटीस द्या. मोजत बसलात तर दिवाळी जाईल.

पायताणवाला

पेठेतले, मी पत्त्यावर नोटीस पाठवली. ‘पत्त्यावर कोणी नाही’ असा शेरा मारून पाकीट परत आलं. एकेक करून किती पाकिटं पाठवू? एकाच वेळी पन्नास लिस्टिंगचा कागद टेबलावर ठेवला तर बोलणं वेगळं होईल.

आकडेमोड सर, तुमचं ऐकून टक्का सोडतो. पण मोजणी सोडत नाही. ५०० च्या आतले, ५०० ते १,००० आणि वरचे असे तीन गट करून प्रत्येकी तीस जोड मागवू. गटागटात किती नकली निघाले तेवढंच सांगू. नव्वद जोडांचा खर्च आम्ही पाच-सहा दुकानदार मिळून उचलतो.

आकडेमोड

गटवार सांगणार असाल तर मी निवड करून देतो, पहिली वीस पानं घेऊन त्यातून चिठ्ठ्या. मात्र ‘ऑनलाइन कोल्हापुरी इतके टक्के नकली’ असं एकही वाक्य बाहेर गेलं तर माझं नाव त्यात नको. पारखायला देताना किंमत, वेबसाइट, पाकीट सगळं झाका. आणि पारखणारे किमान तिघे, एकमेकांचं न बघता.

सुभाषनगरची

त्यांत एक अथणीचा पाहिजे. माझ्या ओळखीचे एक काका आहेत, चाळीस वर्षं तळ शिवतात, त्यांना विचारते.

आणि नकली निघालेले जोड परत पाठवू नका. परत गेलेला जोड तसाच दुसऱ्याच्या घरी जातो.