प्रेपची गोळी मेडिक्लेममध्ये का नाही?

कृष्णाकाठ, सांगली: नवऱ्याला एचआयव्ही आहे, त्याची औषधं सरकारी एआरटी सेंटरला फुकट मिळतात, पण मला लागण होऊ नये म्हणून रोजची प्रेपची गोळी खिशातूनच, मेडिक्लेमवाला म्हणतो अ‍ॅडमिट झालात तरच क्लेम. दर महिन्याला तीस गोळ्यांची बाटली संपत आली की पोटात गोळा येतो.

मिरजकर: ताई, अमेरिकेत २०१९ ला तज्ज्ञ समितीनं प्रेपला ए ग्रेड दिली, मग तिथल्या कायद्यानं बहुतेक खासगी विम्यांना ती फुकट देणं भाग पडलं, आणि जून २०२५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानंही ती तरतूद टिकवली. आपल्याकडंही व्हायलाच पाहिजे.

विटेकर: आपल्या २०१७ च्या कायद्यानं एचआयव्हीवाल्यांशी विम्यात भेदभाव करायला बंदी आहे, पण तुमच्या गोळीचे पैसे काय त्यातनं सुटत नाहीत. दादांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासलाय का?

कृष्णाकाठ: पुढच्या सोमवारी आहे.