ईव्हीला ‘ईव्ही’ छापलेलाच टायर हवा का? माझं मत: नाही

चारचाकी_चालक

गाडी बॅटरीवाली (म्हणजे ईव्ही), फ्रंट व्हील ड्राइव्ह, टायर साइज २१५/५५ आर १७. ३१ हजार किमीला पुढचे दोन्ही टायर गोटा झालेत, गेज लावून नक्षीची खोली मोजली तर पुढे जेमतेम २ मिमी आणि मागे साडेतीन. आधीच्या पेट्रोल गाडीचे टायर माझ्याच हातून, ह्याच रस्त्यांवर ५० हजार आरामात गेले होते, म्हणून जरा धक्काच बसला. पण गाडी जड, त्यात पाय ठेवल्या ठेवल्या पूर्ण टॉर्क, आणि वेग वाढवायचं काम पुढच्याच चाकांना आणि रीजनने (म्हणजे मोटरनेच ब्रेक लावून बॅटरीत वीज परत भरणं) वेग कमी करायचं कामही पुढच्याच चाकांना, तर घासणार तेच, हे नंतर लक्षात आलं.

तर दुकानात गेलो आणि पहिलंच वाक्य, ‘गाडी इलेक्ट्रिक आहे ना, मग ईव्हीचाच टायर घ्यावा लागेल, दुसरा टाकलात तर एका चार्जची रेंज बसेल.’ मी विचारलं त्याचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) किती, रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) कुठल्या वर्गात, तर उत्तर एकच, ईव्हीचा आहे म्हणजे सगळं बरोबरच असतं. इथेच माझी हरकत आहे.

टायरवर जे आकडे कायद्याने छापावे लागतात ते साइज, लोड इंडेक्स, स्पीड सिम्बॉल (किती वेगापर्यंत चालेल ते अक्षर), तयार झाल्याचा आठवडा-वर्ष वगैरे. ‘ईव्ही’ हे त्यातलं नाही, ते कंपनी स्वतःच्या मर्जीने छापते. हँकूकची आयऑन नावाची खास ईव्हीसाठीची मालिका आहे, गुडइयरची इलेक्ट्रिकड्राइव्ह आहे, आणि त्याच वेळी कॉन्टिनेन्टल म्हणते की आमचे नेहमीचेच टायर ईव्हीला चालतात, वेगळी मालिका लागत नाही. आता ह्या सगळ्या कंपन्या टायरच बनवतात ना, मग अक्षरांवर विश्वास ठेवायचा की आकड्यांवर? माझं म्हणणं, लोड बरोबर असेल, रोलिंग रेझिस्टन्स कमी असेल आणि ओल्या रस्त्यावर पकड चांगली असेल तर त्यावर काय छापलंय ह्याने काही फरक पडत नाही. पटत नसेल तर सांगा, पण कारणासकट सांगा.

रेंजवेडा

अजिबात पटत नाही, कारण तुम्ही म्हणताय तेच मी करून बसलोय. मूळ टायर संपले तेव्हा चांगल्या कंपनीचे नेहमीचे टूरिंग टायर टाकले, साइज तीच, लोड तोच, स्पीड सिम्बॉल तोच, कागदावर सगळं बरोबर. आधी रोजच्या रस्त्यावर किलोमीटरला १४८ वॉट-अवर लागायचे, टायर बदलल्यावर १६३. एका फुल चार्जला ते सरळ दिसतं, पूर्वी चार्जिंगला न थांबता जो प्रवास व्हायचा तिथे आता थांबावं लागतं. आणि आवाज वेगळाच. इंजिन नसलेल्या गाडीत टायरचा आवाज लपायला जागाच नसते, खडबडीत डांबरावर गेलं की पाठीमागे कोणीतरी रिकामं पिंप वाजवतंय असा घुमणारा आवाज. मूळ टायरच्या आत स्पंजचा थर होता तो ह्यात नाही. तीन महिने झाले, सवय झालेली नाही.

ईव्हीचा टायर बनवणाऱ्यांनी वजन, टॉर्क, आवाज, रेंज ह्या सगळ्याचा एकत्र विचार केलेला असतो. आपण सुटे सुटे आकडे जुळवून तो विचार करू शकतो असं मला आता वाटत नाही.

मिमी_मोजणारी

रेंजवेडा, आवाजाचं पूर्ण मान्य. चाकाच्या आतली हवा साधारण २०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि तो स्पंज नेमका तेवढ्यासाठीच असतो. पण १४८ आणि १६३ ची तुलना मला अन्यायाची वाटते, दोन कारणांनी.

एक म्हणजे तुम्ही घासलेल्या टायरची तुलना कोऱ्या टायरशी करताय. रबर दबतं, सुटतं, त्यात ऊर्जा वाया जाते, आणि नक्षी जितकी खोल तितकं दबणारं रबर जास्त. म्हणजे टायर जसा घासत जातो तशी रेंज हळूहळू सुधारत जाते आणि आपल्याला वाटतं गाडीच अशी आहे. उद्या तुम्ही तोच मूळ टायर कोरा टाकलात तरी आकडा वाढणारच. वर घासलेल्या टायरचा घेर लहान असतो. ८ मिमीची नक्षी २ वर आली की व्यास १२ मिमीने कमी, २१५/५५ आर १७ चा व्यास साधारण ६६८ मिमी धरला तर कागदावर १.८ टक्के, प्रत्यक्षात त्याहून थोडा कमी. तेवढे किलोमीटर ओडोमीटर जास्त दाखवत होता, म्हणजे जुना १४८ मुळातच जरा गोड आकडा होता.

दुसरं, तुमच्या नव्या टायरचा रोलिंग रेझिस्टन्सचा वर्ग कुठला होता? युरोपियन लेबल (ए पासून ई पर्यंत वर्ग दाखवणारं, ए सगळ्यात चांगला) असेल तर बघून सांगा प्लीज. मग हिशोब करता येईल.

रेंजवेडा

लेबलचा फोटो होता मोबाइलमध्ये. नवा टायर सी. मूळ टायर त्याच लेबलवर ए.

मिमी_मोजणारी

मग सापडलंच की. त्या लेबलवर कारच्या टायरसाठी ए म्हणजे दर टन वजनाला ६.५ किलो विरोध किंवा कमी, बी ७.७ पर्यंत, सी ७.८ ते ९. गाडी माणसांसकट दोन टन धरा. ६.५ चा टायर असेल तर १३ किलोच्या ओढीइतका विरोध, किलोमीटरला ३५ वॉट-अवर. ९ चा असेल तर १८ किलो, ४९ वॉट-अवर. फरक १४ आणि तुमचा फरक १५! थोडा कोऱ्या नक्षीचा, थोडा वर्गाचा, कसाही वाटून घ्या, पण त्यात ‘ईव्ही छापलेलं नव्हतं’ ह्यासाठी जागाच उरत नाही. ए वर्गाचे नेहमीचे टायर मिळतात, आणि ईव्ही छापलेला प्रत्येक टायर ए असतोच असंही नाही. तुम्ही लोड बघितलात, स्पीड बघितलात, आणि रेंज ज्यावर अवलंबून तोच एक आकडा बघायचा राहिला.

रेंजवेडा

हिशोब बरोबर आहे, मान्य, तो आकडा मी बघितला नव्हता हे खरं. पण मूळ मुद्दा सोडणार नाही. गाडीसोबत आलेल्या टायरवर साइडवॉलला छोटी खूण असते, टेस्लासाठी टी०, टी१, मर्सिडीजसाठी एमओ, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, पिरेलीची ईव्हीसाठी वेगळी इलेक्ट नावाची खूण. मॉडेलचं नाव तेच, साइज तीच, पण खूण असलेला टायर आतून वेगळा असू शकतो, रबराचं मिश्रण वेगळं, कधी नक्षीची खोली वेगळी. नाव बघून घेणारा तिथे फसतो. माझा सल्ला अजूनही तोच, गाडीसोबत जो आला तोच खुणेसकट परत घ्या.

टायरबेवाला

चौदा वर्षं टायर बसवण्याच्या कामात आहे म्हणून लिहितो. खुणेचं रेंजवेडा बरोबर बोलले. पण माझ्याकडे येणाऱ्या ईव्हीत सगळ्यात जास्त चूक दिसते ती लोडमध्ये. धागाकर्त्यांच्या साइजमध्ये २१५/५५ आर १७ हा लोड इंडेक्स ९४ मध्येही मिळतो आणि ९८ एक्सएलमध्येही (एक्सएल म्हणजे जास्त हवेवर जास्त वजन पेलणारा). ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो, ९८ म्हणजे ७५०. दोन्ही शेजारी ठेवले तर गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, आणि ९४ वाला पटकन मिळतो म्हणून तोच बसतो. दाराच्या खांबावर स्टिकर असतो, तो वाचल्याशिवाय टायर उतरवू देऊ नका.

मोठ्या जड गाड्यांना आता एचएल नावाचे, एक्सएलपेक्षाही जास्त वजन पेलणारे टायर आलेत. २४५/४० आर १९ मध्ये साधा ९४, एक्सएल ९८ आणि एचएल १०१, म्हणजे ८२५ किलो. मूळ टायर एचएल असेल तर त्याजागी एक्सएल चालणार नाही, कितीही भारी कंपनीचा असला तरी.

चारचाकी_चालक

दादा, इथे मला शंका आहे. मी गाडी वजनकाट्यावर घेतली होती, घरचे सगळे आणि सामान भरून. पुढचा एक्सल १,०९० किलो, मागचा १,०६०. म्हणजे एका टायरवर ५४५. ६७० वाला ९४ पण पुरतोय की. मग ९८ चा आग्रह कशाला, उगाच कडक टायर आणि कडक राइड?

टायरबेवाला

वजनकाट्यावर गाडी उभी असते हो. वळणावर जोरात ब्रेक दाबलात तर बाहेरच्या पुढच्या एका चाकावर किती येतं ते काट्याला माहीत नसतं, खड्ड्यात आपटलं तर त्याहून जास्त. गाडी बनवणाऱ्याने ९८ लिहिलंय ते हे सगळं धरून. आणखी एक, ६७० किंवा ७५० हा आकडा ठरावीक हवेवरचा आहे, साध्या टायरला ३६ पीएसआय, एक्सएलला ४२. एक्सएल टाकून हवा ३२ ठेवली तर तो जास्तीचं वजन काही पेलणार नाही. माझ्याकडे अशा गाड्या येतात, टायर बरोबर ९८ चा, पण हवा जुन्या गाडीच्या सवयीने भरलेली, आणि दोन्ही कडा साफ गेलेल्या, मधली नक्षी मात्र शाबूत. टायर बघितल्या बघितल्या कळतं की हवा कमी होती. इंडेक्स स्टिकरपेक्षा वर चालेल, खाली कधीच नाही.

चारचाकी_चालक

पटलं. ९८ एक्सएल पक्का, हा मुद्दा मी मागे घेतो.

ओल्या_रस्त्यावर

इतके प्रतिसाद झाले आणि ब्रेकबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहिते. तुम्ही सगळे रेंजच्या मागे लागलात. दोन टनाची गाडी पावसात थांबवायची आहे हे आधी बघा. रोलिंग रेझिस्टन्स कमी करायचा तर रबर कमी ऊर्जा खाणारं हवं, आणि ओल्या रस्त्यावर पकड हवी तर तेच रबर ऊर्जा खाणारं हवं, ही ओढाताण टायरवाल्यांना कायमची आहे. १९९२ मध्ये मिशेलिनने कार्बन ब्लॅकच्या जागी सिलिका वापरून ती बरीच सोडवली, पण पूर्ण सुटलेली नाही. त्यामुळे लेबलवर इंधनाला ए आणि ओल्या पकडीला सी असे टायर सर्रास असतात, ईव्ही छापलेल्यांमध्ये सुद्धा. त्या वेट ग्रिपच्या (ओल्या पकडीच्या) चाचणीत ओल्या रस्त्यावर ८० वरून २० च्या वेगावर यायला किती वेळ-अंतर लागतं ते बघतात. माझ्या मते आधी वेट ग्रिप ए किंवा बी हे ठरवायचं, त्यातून गाळून उरतील त्यात रोलिंग रेझिस्टन्स बघायचा. उलट क्रमाने नाही.

मागच्या पावसाळ्यात पुढची गाडी अचानक थांबली, माझे टायर तेव्हा ३ मिमीच्या आसपास होते. कायद्याची १.६ ची मर्यादा बऱ्याच देशांत आहे, त्या हिशोबाने ‘चालतील’ असेच. एबीएस कडकड वाजत राहिला आणि गाडी सरकत राहिली. दोन गाड्यांमध्ये हातभर अंतर उरलं. दुसऱ्या दिवशी चारही बदलले. रेंज किती घटली ते मी आजपर्यंत मोजलेलं नाही.

रेंजवेडा

ताई, तुमचं म्हणणं समजतं, पण रेंज म्हणजे नुसती हौस नाही. चार्जर लांब लांब असलेल्या रस्त्यावर दहा टक्के म्हणजे पोचणं किंवा न पोचणं. आणि ए-ए असे टायर असतात, थोडे असतात पण असतात. पकड की रेंज असं एकच निवडायला मी तयार नाही.

मिमी_मोजणारी

ए-ए मिळाला तरी तिसरीकडे काहीतरी जातं हे लक्षात ठेवा, बहुतेक वेळा आयुष्य किंवा आवाज. आणि टायर किती किलोमीटर टिकेल हे त्या लेबलवर नाहीच. माझ्या ए-ए टायरची नक्षी कोरी असतानाच ६.८ मिमी भरली, बाकीच्यांची ८ च्या आसपास असते. घेण्याआधी दुकानातच गेज लावून बघावं.

टायरबेवाला

दोन गोष्टी राहिल्या. स्पंजवाल्या टायरचं पंक्चर निघतं, कोणी नाही म्हटलं तर दुसरीकडे जा. छिद्राजवळचा तेवढा स्पंज कापून काढायचा, आतून पॅच लावायचा. पण त्यात बाटलीतलं सीलंट ओतलं असेल तर सगळा स्पंज चिकट लगदा होतो, मग टायर टाकूनच द्यावा लागतो. आणि बऱ्याच ईव्हीत स्टेपनीच्या जागी तीच बाटली दिलेली असते, तेव्हा आधी हवा भरून हळू हळू आमच्यापर्यंत येता येतं का बघा.

दुसरं जॅक. गाडीखाली सगळी सपाट बॅटरी आहे, घाईत पोऱ्याने जॅक तिच्या खाली लावला तर टायरचं राहील बाजूला, बॅटरीचं मोठं काम निघेल. कडेला ठरलेले जॅक पॉइंट आहेत, गाडी वर उचलेपर्यंत तिथून हलू नका.

चारचाकी_चालक

सगळ्यांचं वाचून काल टायर बसवले. फक्त पुढचे दोन बदलणार होतो, पण मग टायरबेवाला दादांना फोनवर विचारलं तर म्हणाले दोनच घेतले तरी नवे मागे बसवावे लागतील, नाहीतर पाण्यात मागची बाजू आधी सुटते. म्हणजे मागचे साडेतीन मिमीवाले पुढे येणार आणि तेही सहा महिन्यांत संपणार, म्हणून चारही घेतले. ३१ हजारात एकदाही रोटेशन (पुढचे-मागचे टायर आलटून पालटून लावणं) केलं नव्हतं ही माझी चूक, नाहीतर चारही एकदमच संपले असते. आता दर १० हजारला करणार.

घेतलेला टायर: ९८ एक्सएल, वेट ग्रिप ए, रोलिंग रेझिस्टन्स बी, चारही एकाच वर्षीचे. स्पंज नाही. कुठेही ईव्ही छापलेलं नाही. ए-ए एक होता पण गेजवर नक्षी ७ मिमी सुद्धा भरली नाही म्हणून सोडला.

रेंजवेडा

बी आणि स्पंज नाही, म्हणजे दोन्हीकडे थोडं थोडं सोडलंत. आवाज येणार, मी आधीच सांगून ठेवतो. आणि आकडा लगेच टाकू नका, पहिले काही शे किलोमीटर कोरा टायर घासून जागेवर येऊ द्या. मग त्याच रस्त्यावर, त्याच वेगात, एसी सारखाच ठेवून मोजा आणि इथे लिहा. १५५ च्या खाली आला तर पुढच्या वेळी मी पण शिक्का न बघता घेईन.

चारचाकी_चालक

चालेल. आजचा ओडोमीटर ३१,२४०, नक्षी चारही चाकांवर ७.९, हवा थंड असताना स्टिकरप्रमाणे. जुन्या टायरवरचा शेवटच्या हजार किमीचा आकडा १५१ होता. ३३ हजारला परत येतो.