थिंकपॅड टी६०: प्रोसेसर आणि रॅम बदलावी का?

खडूफळा
मंडळी, घरी २००६ चा थिंकपॅड टी६० आहे. चौकोनी पडदा, आणि कीबोर्ड असा की नव्या लॅपटॉपवर टाइप करवत नाही. आत कोअर ड्युओ टी२४०० (३२ बिट प्रोसेसर), १ जीबी रॅम, मूळची हार्डडिस्क. काम म्हणजे लिबरऑफिसमध्ये मराठी लिखाण आणि थोडं मेल. डेबियन १३ (लिनक्स) टाकायला गेलो तर ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. एकजण टी७५०० प्रोसेसर स्वस्तात देतोय. घेऊ का? रॅम किती टाकू?

हातोडी_नको
टी७५०० अजिबात घेऊ नका! तो सॉकेट पी चा (सॉकेट म्हणजे चिप बसते ती खोबण). टी६० ला सॉकेट एम लागतं. दोन्हींना ४७८ पिना, पण मांडणी वेगळी, त्यामुळे बसणार नाही. जोर लावलात तर पिना वाकतील. टी७२००, टी७४००, टी७६०० हे एम वाले. टी७१००, टी७३००, टी७५००, टी७७०० हे पी वाले. विकणाऱ्याला बऱ्याचदा हा फरक ठाऊक नसतो.

माझं मत टी७२००. तुमच्या टी२४०० चा वेग १.८३ गिगाहर्ट्झ, टी७२०० चा २, म्हणजे वेगात फार मोठी उडी नाही. पण कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) २ ची ४ एमबी होते, आणि मुख्य म्हणजे चिप ६४ बिट आहे. तुमचं डेबियनचं अडलेलं काम तिथेच सुटतं. ३१ वॉटऐवजी ३४ वॉट, तेवढं पंखा सहन करतो. टी७६०० साठी जादा पैसे मोजणं म्हणजे निव्वळ हौस.

रॅमशास्त्री
रॅमचं मी सांगतो. डीडीआर२, ६६७ ची, लॅपटॉपवाली. २-२ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या तरी साधारण ३ जीबीच दिसेल. ६४ बिट केलंत तरीही, कारण बोर्डावरच्या ९४५ चिपसेटची (प्रोसेसर-रॅम जोडणाऱ्या चिपची) मेमरीच्या पत्त्यांची मर्यादाच ४ जीबी आणि त्यातला वाटा ग्राफिक्स आणि बाकी उपकरणं खातात. म्हणून २ + १ घ्या.

हातोडी_नको
शास्त्रीबुवा, दोन सारख्या पट्ट्या असल्या की ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरणं) नीट चालतं. इंटेलचं ग्राफिक्स असेल तर त्याला फायदा होतो. किमतीत फारसा फरक नसेल तर २ + २ च.

लॅमिंग्टनचा_वारकरी
प्रोसेसर-रॅमच्या आधी हार्डडिस्कच्या जागी एसएसडी टाका राव. डिस्क जोडायचं साटा जुनं, १.५ गिगाबिटचं, तरी उघडझाप लगेच बदललेली जाणवते. आणि विंडोज ११ च्या नादी लागू नका, या चिपमध्ये त्याला लागणारा एसएसई४.२ हा सूचनासंचच नाही.

चिप बदलण्याआधी बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, नंतर नाही. सुरुवातीच्या बायोसला कोअर २ ड्युओ (टी७२०० त्यातलाच) ओळखू येत नाही. अपडेट करताना अडॅप्टर लावलेला असला तरी बॅटरीही चार्ज असलेली लागते.

खडूफळा
टी७५०० ला नाही म्हणून कळवलं. पण बॅटरी तर केव्हाच मेलीय! आणि ग्राफिक्स एटीआयचं आहे, त्याने काही अडतं का?

लॅमिंग्टनचा_वारकरी
कुणाकडे टी६० असेल त्याची बॅटरी तासाभरासाठी उसनी आणा, अपडेट झालं की परत.

हातोडी_नको
एटीआय असेल तर हीटसिंक (चिपची उष्णता काढणारा धातूचा भाग) उचलताना जपून. ग्राफिक्स चिपवरचा उष्णता वाहून नेणारा पॅड जाड असतो. तो फाटला तर तेवढ्याच जाडीचा नवा लावा, नुसती थर्मल पेस्ट फासून फट भरत नाही. प्रोसेसरवर मात्र पेस्टच. सॉकेटला चपट्या स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा एक स्क्रू आहे, तो मोकळा केल्याशिवाय चिप ओढू नका. आधी कीबोर्ड आणि पामरेस्ट काढावे लागतील. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे आहेत, काढाल त्या क्रमाने कागदावर चिकटवा.