आनंद करणं ही 'साधना' कशी काय? ठरवून जमतं का कुणाला?

रिकामी_खुर्ची:
जय ख्रिस्त सगळ्यांना. परवा बायबल स्टडीत विषय निघाला की उपवास, प्रार्थना तशीच सण साजरा करणं हीपण साधना आहे आणि ती मुद्दाम करायची असते. उपवास कळतो हो, पोट मारायचं. पण आनंद ठरवून कसा करणार? जानेवारीत आई गेली, ईस्टरला पहाटेच्या उपासनेला गेले, सगळे 'प्रभू उठला आहे' म्हणत हात मिळवतायत आणि मी गाडीची किल्ली विसरले म्हणून बाहेर सटकले. तोंडदेखलं हसायचं म्हणजे साधना का?

पेटीवाला:
नाही. पण गंमत बघा, लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस आपण किती कडक पाळतो, मटण बंद, लग्नं बंद, आणि ईस्टरची बिर्याणी खाल्ली की सोमवारपासून खेळ खल्लास. खरं तर ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणापर्यंत, पन्नास दिवस, लेंटपेक्षा जास्त! ३२५ साली निकियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने तर नियमच केला की रविवारी आणि या दिवसांत गुडघे टेकायचे नाहीत, उभं राहून प्रार्थना करायची. मनात काय चाललंय ते कुणी विचारलं नाही, फक्त उभं राहा म्हणाले. मला साधना म्हणजे एवढंच कळतं. यंदा आम्ही ठरवलं, दर रविवारी कुणालातरी जेवायला बोलवायचं. आत्तापर्यंत दोनदाच जमलंय.

कोपऱ्यावरची_मावशी:
बाळा, बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय वाच. नियमशास्त्र ऐकून लोक रडायला लागले तर त्यांना सांगितलं, आज रडू नका, जा, चांगलंचुंगलं खा, आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटा पाठवा. तुझ्या घरी या वर्षी काही तयार नाही, तर वाटा तुझ्याकडे यायला हवा होता. मंडळीची चूक ती, तुझी नाही. नाताळात आपण फराळाचं ताट रुमाल झाकून शेजारी पाठवतो ना, ते काय आपल्या मूडवर थोडंच असतं.

स्पष्ट_बोलतो:
मावशींशी सहमत. पण हल्ली डीजे लावून 'आनंद करा, हात वर करा' चालतं त्याचं काय? आमच्या गावी हंगामाच्या सणाला लिलाव असायचा, एकच भोपळा तीनदा विकला जायचा, घेणारा परत दान करायचा, पाळकसाहेबच बोली वाढवायचे, पोरं हसून लोळायची. कुणी 'हसा' सांगत नव्हतं. बायबलच्या 'अनुवाद' पुस्तकात, १४व्या अध्यायात, दशमांशाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या, पैशाने बैल, मेंढरं, द्राक्षारस घ्या आणि देवासमोर बसून घरच्यांबरोबर खा असं सरळ लिहिलंय, यावर प्रवचन मात्र मी अजून ऐकलेलं नाही. दशमांश द्या यावर दरवर्षी.

रिकामी_खुर्ची:
भोपळ्यावर हसले, खरंच. पेंटेकॉस्टच्या आधी करंज्या करून बघते, शेजारच्या आजींकडे द्यायला. आईच करायची, मला सारण तेवढं येतं. पारी कडक होते माझी, काय चुकतं?

कोपऱ्यावरची_मावशी:
मोहन गार घालत असशील. कडकडीत तापवून घाल, आणि पीठ तासभर झाकून ठेव.