मदत हवी आहे: पोनी एक्सप्रेसचं पाकीट खरं की कुणीतरी जुळवलेलं?

मंडळी, टपालाच्या जुन्या पाकिटांतलं कळणारं इथे कोणी आहे का? मला फक्त तिकिटांतलं थोडंफार कळतं, तेही लहानपणी वहीत डिंकाने चिकटवून वाया घालवलेल्या तिकिटांपुरतं.

मी कॅलिफोर्नियात फॉल्समला राहतो, सॅक्रामेंटोहून वीस-बावीस मैलांवर. गावाला पोनी एक्सप्रेसचा, म्हणजे घोडेस्वारांकडून टपाल पोचवणाऱ्या जुन्या सेवेचा, फार अभिमान. १ जुलै १८६० पासून वर्षभर पश्चिमेकडची घोडदौड इथेच थांबायची, कारण इथून सॅक्रामेंटोपर्यंत रेल्वे होती. त्यामुळे गावातल्या कुठल्याही जुन्या खोक्यात घोडा दिसला की माणूस हुरळतो. मीही हुरळलो.

गेल्या महिन्यात एका इस्टेट सेलमध्ये (कुणाच्या मागे राहिलेल्या घरसामानाची विक्री) बुटांचं खोकं घेतलं, ४० डॉलरला. आत ख्रिसमस कार्डं, हिशेबाचे कागद आणि तळाशी तीस-बत्तीस जुनी पाकिटं. त्यातलं एक असं आहे:

पिवळसर कागद, आडवं पाकीट, उजवी कड कात्रीने उघडलेली. वर उजवीकडे ३ सेंटांचा लाल ठसा (पाकिटावरच छापलेलं सरकारी टपालाचं तिकीट), वॉशिंग्टनचं डोकं. बोट फिरवलं की उठाव लागतो. वरच्या कडेला छापलंय, 'पेड, ओव्हर अवर कॅलिफोर्निया अँड कोस्ट रूट्स, वेल्स फार्गो अँड कंपनी' (पत्रं पोचवणारी खासगी कंपनी). पत्ता सॅन फ्रान्सिस्कोचा, तपकिरी झालेल्या शाईत. डावीकडे निळा अंडाकृती शिक्का: वेल्स फार्गो, सोनोरा, १४ एप्रिल. साल नाही. आणि शिक्क्याला लागूनच धावत्या घोडेस्वाराचं १ डॉलरचं लाल तिकीट.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पोनी एक्सप्रेस ३ एप्रिल १८६० ला सुरू झाली. मिझुरीतलं सेंट जोसेफ ते सॅक्रामेंटो, सुमारे १९०० मैल, दहा दिवसांत. सुरुवातीचा दर अर्ध्या औंसाला ५ डॉलर, म्हणून लोक पतंगाच्या कागदासारख्या पातळ कागदावर लिहीत. २४ ऑक्टोबर १८६१ ला तारायंत्राची लाइन जोडली गेली आणि दोनच दिवसांत घोड्यांचं काम संपलं. सगळा मिळून जेमतेम दीड वर्षाचा खेळ. आज तिची अडीचशेच्या आसपास पाकिटं ज्ञात आहेत म्हणतात. त्यातलं एक बुटांच्या खोक्यात निघेल यावर माझाच विश्वास बसत नाही.

प्रश्न दोन. हे खरं असू शकतं का? आणि नसेल तर त्यावर काय करावं? तिकीट काढून टाकू का?

प्रतिसाद १ (खमंगकाकडी)
अभिनंदन! लॉटरी लागली. कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, तिकीट आपोआप सुटेल. वेगवेगळं विकलंत तर जास्त मिळतील.

प्रतिसाद २ (शिक्कामोर्तब)
खमंगराव, पाण्याचं नाव काढू नका. उठावाचा ठसा भिजला की सपाट होतो, शाई पसरते, आणि मग पाकिटाची किंमत काकडीएवढीही राहत नाही.

धागाकर्त्यांना: पाकीट हातात न घेता सांगतो, हे तिकीट या पाकिटाचं नाही. तुम्ही दिलेल्या वर्णनातच सगळं आहे.

वेल्स फार्गोने पोनी एक्सप्रेससाठी घोड्याची तिकिटं एप्रिल १८६१ मध्ये काढली, तेव्हा अर्ध्या औंसाचा दर २ डॉलर होता. एकेरी वजनाचं तिकीट लाल, २ डॉलरचं. दुप्पट वजनाचं हिरवं, ४ डॉलरचं. १ जुलैला दर १ डॉलरवर आला. मग १ डॉलरचं लाल, २ चं हिरवं आणि ४ चं काळं. म्हणजे १ डॉलरचं लाल तिकीट वापरात असायचे दिवस जुलैपासून पुढच्या चार-पाच महिन्यांपुरतेच (शेवटच्या पिशव्या नोव्हेंबरात पोचल्या). तुमचा शिक्का एप्रिलचा. एप्रिल १८६१ ला हे तिकीट छापलेलंच नव्हतं आणि एप्रिल १८६२ ला धावणारा घोडा नव्हता. साल नसलं तरी महिना बोलतो.

दुसरं, दिशा. ही तिकिटं कॅलिफोर्नियातून पूर्वेकडे जाणाऱ्या पत्रांवर लागत. तुमचं पत्र सोनोराहून सॅन फ्रान्सिस्कोला, म्हणजे राज्यातल्या राज्यात. पुणे-मुंबईच्या पत्रावर कोणी विमानाचं तिकीट लावेल का? रॉकी पर्वतापलीकडे जाणाऱ्या पत्राला सरकारी टपाल १० सेंटांचं लागायचं. तुमच्याकडे ३ सेंटांचं आहे, ते जवळच्या पत्राला अगदी बरोबर.

घाईत फक्त एक गोष्ट बघा: निळा शिक्का तिकिटावरून पाकिटावर उतरलाय की तिकिटाच्या कडेशी थांबलाय?

प्रतिसाद ३ (धागाकर्ता)
थांबलाय. 😐 भिंगातून पाहिलं. शिक्क्याची रेघ तिकिटाखाली शिरतेय, वर येत नाही. म्हणजे शिक्का आधी, तिकीट नंतर.

मुलाकडे विंचू शोधायची निळी, अतिनील प्रकाशाची टॉर्च आहे (कँपिंगची हौस). रात्री दिवे घालवून ती मारली. पाकीट काळपटच राहिलं, तिकिटाचा कागद मात्र निळसर पांढरा चमकला. एखाद्या धुतलेल्या शर्टासारखा.

प्रतिसाद ४ (शिक्कामोर्तब)
मग विषय संपला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात तो चमकणारा पदार्थ कागदात दुसऱ्या महायुद्धानंतरच सर्रास यायला लागला. जुनी बनावट तिकिटं आणि नंतरच्या छपाया वेगळ्या, त्यांचीही स्वतंत्र हौस असते. पण हे त्यातलंही नाही. कोणीतरी साठ-सत्तर वर्षांच्या आतलं चित्र चिकटवलंय.

तिकीट काढू नका. पाकीट मूळ आहे असं वर्णनावरून वाटतं आणि वेल्स फार्गोच्या छापाच्या पाकिटाला आजही गिऱ्हाईक असतं, सोनोरा म्हणजे सोन्याच्या खाणींचा भाग म्हणून जास्तच. डिंक निघताना कागदाचे तंतू वर येतील आणि शिक्क्यावर चट्टा पडेल. पक्कं हवं असेल तर न्यू यॉर्कची फिलॅटेलिक फाउंडेशन किंवा अमेरिकन फिलॅटेलिक सोसायटीचं तपासणी खातं, दोघेही पाकीट आहे तसं पाहून लेखी मत देतात. 'तिकीट मूळचं या पाकिटावरचं नाही' ही त्यांची नेहमीची भाषा आहे, म्हणजे तुम्ही एकटे नाही.

प्रतिसाद ५ (भाकरीचाचंद्र)
अवांतर: चोरीला गेलेल्या टपालातली दोन पाकिटं आहेत ना? १८६० मध्ये मूळ रहिवाशांनी हल्ला केलेल्या पिशवीतली, मोचिला म्हणतात त्या खोगिरावरच्या कातडी आवरणासकट सापडलेली, १८६२ मध्ये न्यू यॉर्कला पोचलेली. टपालवाल्यांनी वर तसा शेरा लिहिला. टपालखातं एवढं प्रामाणिक असतं हे वाचून डोळे पाणावले.

प्रतिसाद ६ (धागाकर्ता)
आभार. शिक्कामोर्तब, तुम्ही महिन्यावरून जे पकडलंत ते मला दहा वर्षं सुचलं नसतं.

पाकीट तसंच ठेवतोय. मात्र मायलरच्या (पारदर्शक प्लॅस्टिकच्या) पाकिटात मागे चिठ्ठी सरकवली आहे, 'तिकीट नंतर लावलेलं, पाकीट मूळ असावं', तारखेसह. माझ्यानंतर हे खोकं ज्या कुणाच्या सेलमध्ये जाईल त्या माणसाला पुन्हा टॉर्च शोधावी लागू नये.

एक राहिलं. त्याच खोक्यात १९६० चं तपकिरी ठशाचं ४ सेंटांचं पाकीट आहे, ठशात घोडेस्वार, शिक्का सेंट जोसेफचा, १९ जुलै. हे तरी खरं ना?

प्रतिसाद ७ (शिक्कामोर्तब)
खरं. शताब्दीला टपालखात्याने काढलेलं, त्याच दिवशी सेंट जोसेफला विक्रीला आलं. किंमत चहाएवढी. मुलाला देऊन टाका, टॉर्चचं भाडं म्हणून.