गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी परत सुरू होतायत, या वेळी तरी गावाला विचारणार का?

सत्तरीकर:
२०१२ ला बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा रिपोर्ट आला आणि खाणी थांबल्या, २०१४ ला सुप्रीम कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परत परवानगी दिली, २०१८ ला ८८ लीज (खाणींचे भाडेपट्टे) रद्द केली, आणि आता लिलाव करून परत सुरू. कायमच्या बंद करा असं मी म्हणत नाही. पण आमच्या शेताच्या वर जुना डंप, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीचा ढिगारा आहे, तिथे कित्येक वर्षं कोणी फावडं मारलेलं नाही तरी दर पावसाळ्यात लाल चिखल खाली येतोच. सुकला की वर पापडी धरते, भाताचा तरवा (रोपं) लावला तर मूळच धरत नाही. आधी हे निस्तरा, मग नवीन खणा.

टिप्परवाला:
दादा, तुमचं शेत गेलं ते कळतं मला. पण मी बँकेचं कर्ज काढून टिप्पर घेतला आणि मार्च २०१८ ला सगळं ठप्प, हप्ता मात्र चालूच. गाडी दारात उभी राहून टायर बसले, खालून रान वाढलं. गॅरेजवाला, चहावाला, खनिज नेणाऱ्या बार्जवरचे खलाशी, सगळ्यांची चूल त्यावरच होती. पर्यटन करा म्हणतात, पण टुरिस्ट कळंगुटच्या किनाऱ्यावर जातो, आमच्या खाणपट्ट्यातल्या सांग्याला कोण येतो?

मयेचा:
रोजगार होता हे खरंच, पण किती वर्षांचा? चीनला हलक्या प्रतीचं खनिज चालायला लागलं तेव्हा २०१०-११ ला गोव्यातून ५ कोटी टनांच्या वर गेलं, आणि एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती कुठेतरी टाकावीच लागते, ती आमच्याच डोक्यावर. खाण भूजलाच्या खाली गेली की रात्रंदिवस पंप लावून पाणी उपसतात आणि इकडे विहिरी आटतात, मग टँकरची वाट बघत बसा. कुळागर (सुपारी-नारळाची बाग) टँकरवर जगत नाही हो. माझा ठाम विरोध आहे, मर्यादा घाला नाहीतर काही घाला.

टिप्परवाला:
मग आमच्या पोरांनी काय करायचं ते पण सांगा ना. नुसतं नको म्हणणं सोपं आहे.

पैशाचंबोला:
खनिज गावाच्या पोटातून एकदाच निघतं, परत भरून येत नाही. कोर्टानेच २०१४ ला विक्रीच्या १० टक्के रक्कम कायमच्या निधीत टाकायला सांगितली होती, शिवाय खाणीची झळ बसलेल्या गावांसाठीचा जिल्हा खनिज निधी आहे. त्यातून आधी विहिरी आणि शेतं नीट करा, कामाचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवा.

सत्तरीकर:
हेच म्हणतोय मी. पावसाच्या आधी डंपाच्या पायथ्याशी दगडी बांध घाला, ओढ्यातला गाळ काढा, मग ग्रामसभेत तुमच्या बाजूने पहिला हात माझा वर.

टिप्परवाला:
चालेल. पण बांधाचे दगड आणायला आणि गाळ उचलायला टिप्पर लागणारच, ते आमच्याच गावातले घ्यायचे, बाहेरचे कंत्राटदार नकोत.