ख्रिस्ती जोडप्याने दत्तक घेणं : ‘फक्त पालकत्व मिळतं’ हे आता जुनं झालं

एकांनी लिहिलंय की ख्रिस्ती लोकांना दत्तक नाही, नुसतं पालकत्व, म्हणजे मूल सांभाळायचा कायदेशीर हक्क मिळतं. एकेकाळी खरं होतं. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू नाही, त्यामुळे १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली पालक व्हायचं, आणि मूल अठराचं झालं की कागदावरचं नातं संपलं! आता बाल न्याय कायदा, २०१५ धर्म विचारत नाही. मूल सर्व अर्थांनी तुमचं होतं, वारसाहक्कासकट.

आम्ही वाशीत राहतो, गेल्या वर्षी ‘कारा’च्या (केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या) पोर्टलवर नोंदणी केली. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत, आणि दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत. चौकशीला समाजसेविका घरी आल्या तेव्हा हिने आदल्या रात्री अख्खं घर घासून काढलं. बाईंनी घराकडे बघितलंही नाही, सासूबाईंशीच तासभर बोलत बसल्या.

दत्तकाचा आदेश हल्ली कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. वाशी-नेरूळवाल्यांना ठाणे, खारघर-पनवेलकरांना रायगड.

चर्चच्या पाळकसाहेबांच्या ओळखीने एखाद्या प्रसूतिगृहातून परस्पर बाळ आणायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो गुन्हा आहे. चर्चमधल्या एका आजींनी मला “रक्ताचं नाही रे ते” म्हणून सुनावलं. म्हटलं, आजी, बायबलमधल्या मोशेला कोणी वाढवलं? फारो राजाच्या मुलीनेच ना? त्या हसल्या, पण पटलेलं दिसलं नाही. यादीत आमचा नंबर अजून बराच मागे आहे.